तीन पांढऱ्या चादरी

कडकशेठ हा काही खरा शेठ नव्हता. लाँड्री चालवायचा, कॉलरला कडक खळ आणि गिऱ्हाइकाला त्याहून कडक उत्तर द्यायचा, म्हणून गल्लीने चेष्टेत ठेवलेलं ते नाव. पण त्या सकाळी प्रवासाची बॅग घेऊन तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्यात कडक असं काही उरलंच नव्हतं.

कारण त्याची पोर, बारकी. चार पायऱ्या चढली की धापा टाकायची. झोपेत तिच्या छातीत शिट्टी वाजायची आणि आईबाप उशाशी जीव मुठीत धरून बसायचे. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं होतं, "इथल्या वीटभट्ट्यांचा धूर हिच्या छातीत बसलाय. थंडी पडायच्या आत हिला हलवा. हा सगळा पट्टाच सोडा, राज्याबाहेर जा. मोठ्या शहरात नको, तिथेही हेच. खेड्यातही नको, दम अडकला तर धावायला दवाखाना हवा. मधलं काहीतरी बघा."

मधलं काहीतरी! जणू मधल्या मापाचा शर्टच आणायचा होता.

दुकान विकून झालं. टेंपो परवा येणार होता. कुठे जायचं, तेवढंच ठरायचं राहिलं होतं. शेजारच्या राज्यातली तीन शहरं त्याने हेरली आणि ती पारखायला धंद्यातलीच युक्ती काढली. हवा कशी आहे हे लाँड्रीवाल्याला वाळत घातलेलं कापड सांगतं, दुसऱ्या कुणाला विचारायला नको. त्याने तीन कोऱ्या पांढऱ्या चादरी घेतल्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांना करतो तशी प्रत्येकीच्या कोपऱ्याला दोऱ्याची खूण केली. लाल, निळी, पिवळी. एकेका शहरात लॉजच्या गच्चीवर ओली चादर दिवसभर टांगायची, अंधार पडला की काढायची आणि न बघता पिशवीत कोंबायची. न बघता, कारण परक्या उजेडात पांढऱ्याचा भरवसा नाही; माणसाला हवं तेच दिसतं. दुकानाच्या खिडकीत दुपारचं ऊन आलं की तिन्ही शेजारीशेजारी मांडायच्या, जोडीला एक कोरी ठेवायची, मग काय तो निकाल. लॉजवाल्यांनी त्याला खुळ्यात काढलं. काढेनात का बापडे!

तिन्ही शहरं करून तो परतला तेव्हा ऊन यायला वेळ होता, म्हणून तो कपड्यांच्या गठ्ठ्यावर जरा टेकला. किती रात्रींची झोप साठलेली, मेल्यासारखा झोपला. जाग आली तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि त्याची बायको इस्त्री करत होती. टेबलावर दोन चादरी, धुतलेल्या, घडी घातलेल्या. तिसरी इस्त्रीखाली.

तो ताडकन उठला.

"अगं, धुतल्यास?"

"मळल्या होत्या."

"मळल्या होत्या म्हणूनच आणल्या होत्या ना! आता कसं कळणार? पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला साबण लावायचं सुचतं?" त्याने टेबलावर मूठ आपटली. बायको मान वर न करता इस्त्री फिरवत राहिली. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "पुन्हा जायला वेळ नाही गं. संपलं सगळं."

तिने इस्त्री उभी केली.

"मी मांडल्या होत्या. खिडकीत, कोरीच्या शेजारी. तुम्ही झोपला होतात."

"मग? लाल? निळी? बोल की!"

"आपल्या गच्चीवर टांगली की होते ना चादर, तश्शा होत्या. तिन्ही."

"मग धुतल्यास कशाला?"

"तुम्ही बघितल्या असत्यात तर हातपाय गाळून इथेच बसला असतात," ती म्हणाली. "इथे तर ती जगत नाही, अहो. कुठेतरी जायलाच हवं ना?"

तेवढ्यात बारकी भिंतीला धरत धरत मागच्या खोलीतून आली. बापाचे डोळे तिने बघितले, पण विचारायचं ते विचारलंच.

"बाबा, ठरलं का कुठलं गाव?"

त्याने तिन्ही चादरी ओळीत मांडल्या. "तूच ठरव, बाळा. ह्यातली एक उचल."

बारकीला गंमत वाटली. तिने एकेका चादरीत नाक खुपसलं, खोकली, पुन्हा खुपसलं. मग मधली ओढून पोटाशी धरली.

"ही. हिला आपल्या घरासारखा वास येतोय."

आईने झटकन तोंड फिरवलं. बापाने कोपरा उलटून बघितला. दोरा निळा होता. त्याने नाक पुसलं, टेंपोवाल्याला फोन लावला आणि निळ्या दोऱ्याच्या शहराचं नाव सांगितलं. पलीकडून टेंपोवाल्याने विचारलं, "तिथे हवा चांगली आहे म्हणे, खरं का?"

"हो," तो म्हणाला. बारकी ऐकत होती.