सव्वासात फूट

बोचक्याची गाठ फलकाला घासली, तशा पुष्पाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकल्या. मागून उतरणारा माणूस गुजरातीत काहीतरी पुटपुटला आणि त्यांना वळसा घालून गेला.

‘फलाट क्रमांक दोन’ असं तीन भाषांत सांगणारा तो निळा फलक, जिना उतरून फलाटावर पाऊल टाकावं तिथेच टांगला होता. पुष्पाबाईंची उंची चार फूट दहा इंच. डोक्यावर दोन इंचांची चुंबळ, तिच्यावर दीड हात उंचीचं साठ साड्यांचं बोचकं. सगळं मिळून सव्वासात फूट. फलक सात फुटांवर. अडत होतं ते तीन इंचांवर.

नवं स्टेशन सुरू झालं त्या दिवशी त्यांनी गुडघ्यात वाकून पाहिलं, तर तोल गेला. तेव्हापासून बोचकं खाली उतरवायचं, फलकाखालून ओढून न्यायचं आणि पुन्हा डोक्यावर चढवायला माणूस शोधायचा.

जुन्या स्टेशनात इथे पाण्याची टाकी होती. तिचा कठडा बरोबर खांद्याएवढा. पाठ लावून बोचकं मागे सरकवायचं, दम खायचा, मान खाली घालून पुन्हा घ्यायचं. कुणाची गरज पडत नसे. आता तिथे मोठ्या कुंडीत ताडासारखं झाड होतं आणि स्टीलची बाकं. गुडघ्याएवढी बाकं, अन् दर बैठकीला हाताचा दांडा.

भरतकामाचे सुटे धागे घरी कापलेल्या साड्या दहाच्या आत कापड मार्केटात शेठकडे पोचवायच्या, असं अठरा वर्षं चाललं होतं. नवं स्टेशन झाल्यापासून दोनदा गाडी चुकली. तिसऱ्यांदा उशीर झाला तर काम कतारगामच्या बाईला देईन, असं शेठने सांगून ठेवलं होतं.

आजही बोचकं फलकाखालून ओढून आणल्यावर त्यांनी दोघातिघांना हात लावायला सांगितलं. एकाच्या कानात वायर होती. दुसऱ्याने, काकी, चाकांची बॅग घ्या, असा सल्ला दिला.

“कोनी हात लावस का व माय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“मासी, खानदेशच्या का? माझी आजी असंच बोलते.” गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेतलेली मुलगी समोर उभी होती. नाव नूतन. नवं स्टेशन प्रवाशांना कसं वाटतं ते ती विचारत फिरत होती. “पाचच प्रश्न छे. फलक सहज दिसतात का?”

“दिसतो ना. रोज डोक्याला लागतो.”

नूतनने ‘हो’वर बोट ठेवलं.

“हो नको दाबू, बाई. तो फलक वर घ्यायला सांग. चार बोटं.”

“ते लिहायला ऑप्शनच नाही, मासी.”

गाडीची घोषणा झाली. पुष्पाबाईंनी बोचक्याला हात घातला आणि तिला दुसरी बाजू धरायला सांगितली. नूतनने टॅब काखेत मारला आणि एका हाताने वरची गाठ धरून जोरात ओढलं.

“गाठ नको, खालून धर—”

गाठ सुटली. साड्या घसरत घसरत फलाटाच्या कडेच्या पिवळ्या लाद्यांवर पसरल्या. गाडी आली, मिनिटभर थांबली आणि गेली.

नूतन ओशाळली. तिने सातआठ साड्या उचलून दिल्या, पण घड्या उलट्या घातल्या. तेवढ्यात तिला साहेबाने पलीकडच्या फलाटावर बोलावलं. सॉरी मासी, सॉरी, म्हणत ती जिना चढून गेली.

पुष्पाबाईंनी साड्या झटकल्या, एकेकीची घडी घातली, नूतनने घातलेल्या घड्याही मोडून पुन्हा घातल्या आणि बोचकं बांधलं. शेठला फोन लावला. त्याने आवाज चढवला नाही. आजचा माल देऊन जा, नवा नेऊ नका, एवढंच म्हणाला.

पुढच्या गाडीची घोषणा सव्वादहाला झाली. या वेळी त्यांनी कुणाला विचारलं नाही. बोचकं बाकाच्या दोन दांड्यांवर टेकवलं. डोक्यावर चुंबळ बसवली, बाकाकडे पाठ करून फलाटावर गुडघे टेकले आणि मान बोचक्याखाली सरकवली. उजवा गुडघा कडाडला. एक तळवा लादीवर, मग कुंडीच्या काठावर. चौघेजण बघत होते. त्या उठल्या.

बोचकं एकदा डुललं आणि बसलं. वर स्टेशनचं नवं छत तीस फुटांवर होतं. तिथवर नुसती मोकळी जागा.

दोन्ही हात सोडून पुष्पाबाई बायकांच्या डब्याकडे चालू लागल्या.