पासचा ठोका

आमच्या कारखान्यात निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या कड्या बनतात, बांगडीएवढ्या. त्या विजेच्या सुरक्षा-स्विचात बसतात. कुणाला शॉक बसू लागला की कडीला गळती कळते आणि स्विच तत्क्षणी पडतो. हा धातू चुंबकत्व चटकन धरतो नि चटकन सोडतो. आमच्या गुणवत्ता साहेबांचं नेमकं उलटं. त्यांच्या डोक्यात शिरलेलं काही केल्या निघत नाही.

कड्या भट्टीत भाजायचं काम माझ्या सासऱ्यांचं, भाजलेल्या तपासायचं माझं. भाजलेली कडी सासरे तान्ह्या बाळासारखी उचलतात, कारण तिला मार बसला की तिचा गुण जातो.

साहेब नवे आले आणि पंधरा दिवसांत फर्मान निघालं: तपासलेल्या प्रत्येक कडीवर ‘पास’ हा ठसा हवा. शाई पुसली जाते, म्हणून पोलादी ठसा आणि हातोडी. सासऱ्यांनी दोनदा समजावलं. साहेब म्हणाले, लोखंडच आहे ना, काच तर नाही. मग सासऱ्यांनी लेखी अर्ज दिला. तो परत आला, त्यावरही ठसा होता: ‘पाहिले’.

महिन्याभरात माल परत येऊ लागला. स्विच उशिरा पडतात, अशी तक्रार होती. माझ्या वहीत तर ठशाआधी तपासलेली प्रत्येक कडी चोख. तरीही दोष भट्टीचाच, असं साहेबांनी ठरवून टाकलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाने सोमवारी मालकांसमोर चुकीच्या कबुलीवर सही करून घरी जायचं होतं.

रविवारी सासूबाई म्हणाल्या, करा सही आणि मोकळे व्हा. सासरे ताटावरून उठले. “माझ्या हातून कडी कच्ची राहिली, हे मी लिहून देणार नाही.” चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मलाही पटेना.

सोमवारी मी माझा मीटर मालकांच्या टेबलावर मांडला. भट्टीतून आलेल्या कडीवर तार गुंडाळली. काटा नव्वदवर गेला. तार सोडून कडी साहेबांपुढे ठेवली.

“साहेब, आता तुम्ही पास करा.”

साहेबांनी हौसेने ठोका घातला. मी पुन्हा तार गुंडाळली. काटा तिसापर्यंत कसाबसा चढला. मालकांनी दुसरी कडी मागितली, मग तिसरी. चौथीनंतर साहेब म्हणाले, मीटर दमला असेल. मालकांनी हातोडी स्वतःच्या खणात टाकली आणि कबुलीचा कागद फाडला. परत आलेल्या कड्या सासऱ्यांनी पुन्हा भाजून ताळ्यावर आणल्या.

पण साहेब हार मानणारे नव्हेत. ‘दोष शोधण्याची मोहीम’ त्यांनी स्वतःच्या नावे लावली आणि सासऱ्यांचा सत्कार ठेवला. लाकडी पाटीवर एक कडी बसवली होती. तिच्यावर सासऱ्यांचं नाव, हुद्दा आणि तारीख, सगळं पोलादी ठशांनी ठोकून कोरलेलं. साहेब आपल्या मालकीची हातोडी घेऊन आले होते.

सासऱ्यांनी घरी येऊन ती कडी बराच वेळ हातात धरली. मी विचारलं, “बाबा, पुन्हा भाजायची का?”

“नको. कपाटावर ठेव,” ते म्हणाले. “तिथे तिच्या भरवशावर कुणाचा जीव नाही.”