पेटीचा भाता आणि वनमालाचं श्वासयंत्र

मी एक जुना भाता आहे, मित्रांनो. लोहाराचा नव्हे, पेटीचा. माझ्याशी दगा आयुष्यात एकदाच झाला, पण झाला तो आपल्या माणसाकडून.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका पेटीवाल्याने मला बनवलं. पुठ्ठ्याच्या घड्या आणि सांध्यांवर मऊ चामडं. जवळच्याच जयेंद्रगंज मोहल्ल्यातल्या नानांनी ती पेटी घेतली. नाना कीर्तनात साथ करायचे. पूर्वरंग संपला, बुवांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला, की सगळा मंडप नामघोषाने भरून जाई. मला वाटे, या सगळ्यांच्या गळ्यात आपलीच हवा खेळते आहे. काय सुख होतं ते, सांगता येत नाही!

नानांची मुलगी वनमाला विज्ञान शिकलेली. शेजारची एक लहान मुलगी पोलिओत गेली. तिला श्वासच घेता येईना. त्यानंतर आठ दिवसांनी वनमाला माझ्यासमोर स्क्रू काढायचा पेचकस घेऊन बसली.

"नाना, पेटी पाहिजे. पण परत नाही मिळणार."

नानांनी पेटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "घेऊन जा. बुवांना सांगेन, मुलीने पेटी खाऊन टाकली."

महाविद्यालयाच्या एका खोलीत सहा महिने काम चाललं. हवा आत नेणारी एक झडप, बाहेर सोडणारी दुसरी, रबरी नळी, तोंडावर बसेल असा मुखवटा. माझा पहिला श्वास वनमालाने स्वतःच्या छातीत घेऊन पाहिला आणि एकटीच हसली. खोलीची किल्ली तिच्या गुरुजींनी, माधवरावांनी दिली होती. हुरूपही त्यांनीच दिला. खरं ते खरं, मी नाकारणार नाही.

त्या काळी ग्वाल्हेरला दरवर्षी तरुण संशोधकांची वैद्यकीय यंत्रांची परिषद भरायची. यंत्र ज्याने केलं, त्यानेच ते मंचावर चालवून दाखवायचं. निवड झाली तर दोन वर्षं प्रयोगशाळा मिळे, हाताखाली माणसं मिळत. वनमालाला तेच हवं होतं. माझ्यासारखी आणखी यंत्रं करायची होती.

परिषदेला पाठवायच्या निबंधावर तिने पहिलं नाव माधवरावांचं लिहिलं, खाली आपलं. कुणी सांगितलं नव्हतं. कीर्तनात आधी गुरूला वंदन, मग आपला विषय. त्या घराची रीतच ती.

"अगं, केलंस तर तू!" नाना म्हणाले.

"मग काय झालं? मंचावर तर मीच उभी राहणार ना!"

मग छप्पन्न साल आलं. आमचं मध्य भारत राज्य मोडून मध्य प्रदेशात मिसळलं, राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्यांची कपाटं मालगाडीत चढली. आमची परिषदही दुसऱ्या दोन परिषदांत मिसळली. भोपाळहून पत्र आलं, की निबंध फार झालेत, एका निबंधामागे एकच माणूस यावा. ज्याचं नाव पहिलं, तो.

पत्र घेऊन वनमाला माधवरावांकडे आली. मी टेबलावरच होतो.

"सर, दोन ओळी लिहून द्या ना, की यंत्र मी केलंय. बस, इतकंच."

"अगं, तिकडे अजून खुर्च्या मांडायचं चाललंय. आत्ता नावांची अदलाबदल केली तर ग्वाल्हेरचा निबंधच कापतील. मी जातो ना, तुझंच काम दाखवतो. माझा भरवसा नाही?"

"तुमचा नाही तर कुणाचा, सर?" असं म्हणून तिने स्वतःच्या हाताने मला खोक्यात गवत घालून बांधलं.

भोपाळच्या मंचावर माधवरावांनी माझ्यावर हात ठेवला. खोटं कशाला बोलू, मी अडून बसायचं ठरवलं होतं. पण यंत्राला अडता येत नाही, मित्रांनो. हात पडेल त्याच्यासाठी ते चालतं. समोरचं रबरी फुप्फुस फुगलं, बसलं, पुन्हा फुगलं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "ही भात्याची कल्पना कुणाची?"

एक नाव पुरे होतं.

"बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होती," माधवराव म्हणाले.

प्रयोगशाळा त्यांना मिळाली. मला महाविद्यालयात परत आणून ते वनमालाला म्हणाले, "चल भोपाळला. मदतनीसाची जागा आहे. आपलंच काम आहे."

"सर, तिथे पुन्हा कुणी विचारलं, कल्पना कुणाची, तर मी काय सांगू?"

माधवरावांनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती म्हणे. वनमाला त्या खोलीत पुन्हा आली नाही. ती शाळेत विज्ञान शिकवू लागली, एवढंच कानावर आलं.

आज मी इथल्याच कपाटात आहे. माझ्याखालच्या चिठ्ठीवर एकच नाव आहे. जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, मित्रांनो, चामड्याला तेलाचं बोट लावा. पण एखाद्या कामाला टाळ्या वाजवण्याआधी, ते कुणी केलं हेही विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारलं, तर खरं सांगा. त्या दिवशी मंचावर आम्ही दोघे होतो. मला वाचा नव्हती. माधवरावांना होती.