मास्तरांच्या दाताची खाच

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी तर गोष्ट सुरू व्हायच्या आतच मान हलवायला लागल्यात. हलवू द्या. पण मास्तरांच्या पुढच्या दाताला जी खाच होती, तशी दुसऱ्या कुठल्या दाताला पडलेली नाही आणि पडणारही नाही.

मास्तर म्हणजे आपले शिंपी. उभा जन्म दातानं दोरा तोडून तोडून वरच्या दाताच्या कडेला खाच पडलेली, सुईच्या नेढ्याएवढी बारीक. दोरा तिथे नेला की तुटलाच. एकदा मास्तर कुणाच्या तरी चहाटळपणावर मनापासून हसले, तर समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बटणं टपाटप गळून पडली. वाऱ्याच्या दिवशी तोंड उघडं राहिलं की खाचेतून अशी शीळ वाजायची की चौकातला पोलीस दचकून सगळ्या गाड्या थांबवायचा.

हसा, पण पुढचं ऐका. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून मास्तरांचा डावा हात बाहीत नुसता लोंबायचा. कापड त्या हाताच्या कोपराखाली दाबायचं, उजव्या हातानं टाके घालायचे आणि दोरा ताणून दातानं तोडायचा, अशी त्यांची रीत. कात्री चालवायची तर दोरा ताणून धरायला दुसरा हात हवा. तो कुठून आणणार? तो दात हाच मास्तरांचा डावा हात होता. दात होता म्हणून दुकान होतं, आणि दुकान होतं म्हणून मास्तर लेकीच्या घरी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते.

आणि एका जाडजूड कोटाचं बटण लावताना तो दात कटकन मोडला. खाच शाबूत राहिली, तिच्या शेजारचा कोपरा मात्र मेण लावलेल्या दोऱ्याला चिकटून बाहेर आला.

लेक त्यांना ओढतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तोंडात आरसा घातला, दिवा खाली ओढला.

"काका, आतून पोखरलाय. बाहेरून दिसतोय तेवढा उरलेला नाही."

"म्हणजे माझ्यासारखाच."

"बाबा, इथे तरी गप्प बसा," लेक म्हणाली.

"आ करून गप्प कसं बसायचं, ते तू दाखव."

बाईंनी समजावलं. दात भरून देता येईल, पण भिंत पातळ आहे; भरलेलं टिकेल आणि दातच फुटेल. त्यापेक्षा कॅप बसवावी. दात चहूबाजूंनी घासायचा आणि वर टोपी चढवायची, म्हणजे आतलं उरलंसुरलं सांभाळलं जाईल.

"आणि खाच?" मास्तरांनी विचारलं.

"कसली खाच?"

मास्तरांनी खिशातून दोरा काढला, ताणला आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तोडून दाखवला. बाईंच्या हातातला आरसा ताटलीत खणकन पडला.

"अहो, हे बंद करा आधी! यानंच तर ही वेळ आली. कॅपची कड गुळगुळीत असते, खाच जाणार. आणि दात भरला तरी दोरा तोडायचा नाही."

"दोन्हीकडे नाहीच?"

"दोन्हीकडे नाही."

"कॅपच घाला," लेक म्हणाली.

"दात तुझा आहे का?"

"वडील माझे आहेत."

यावर मास्तर जरा वरमले. मग हळूच त्यांनी विचारलं, "कच्चे टाके घालून बघता येणार नाही का? नाही बसली कॅप, तर उसवून टाकू."

"घासलेला दात परत येत नाही, काका."

झालं, इथेच सगळं फिरलं. शंका असेल तिथे कात्री लावायची नाही, या एका नेमावर मास्तरांनी लोकांचे किती कोट वाचवले होते. ठिगळ लावा, रफू करा, शिवण उसवून सैल करा, पण कापू नका.

"बाबा, दाताला आत माया सोडलेली नसते," लेक काकुळतीनं म्हणाली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. शिंप्याचीच लेक ती. पण मास्तरांनी खुर्चीत मान मागे टेकवली होती. "भरा," ते म्हणाले.

दोरा तोडणार नाही, असं त्यांनी लेकीला वचन दिलं. दिलं ते मनापासूनच. दोऱ्याचं टोक टेबलाच्या खणात अडकवून कात्री चालवून पाहिली, तर खणच बाहेर आला आणि बटणं दुकानभर पसरली. गुडघ्यात दोरा धरून पाहिला. एका पँटची घडी दुमडून होईपर्यंत गिऱ्हाईक वर्तमानपत्र संपवून, शब्दकोडं सोडवून, "राहू द्या मास्तर," म्हणून पँट घेऊन गेलं. मग दुसरं गेलं.

मग मास्तरांनी दात लावला. आधी फक्त रेशमाच्या दोऱ्याला, तोही अगदी हळू. मग सुती. मग मेणाच्या दोऱ्यालाही, आणि अशाच एका साध्या सदऱ्याच्या साध्या बटणावर दात उभा चिरला, पार हिरडीच्या आत.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. भरलेलं जिथल्या तिथे होतं.

"आता घाला कॅप," मास्तर म्हणाले.

"कशावर घालू, काका? खाली काही उरलंच नाही."

"मग परत भरा."

"आता काढावाच लागेल. खोटा दात बसवता येईल, पण..." बाईंनी सुरुवात केली. "कळलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

बाहेर बाकावर लेक बसली होती. मी सांगितलं होतं ना, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मास्तरांना भांडता तरी आलं असतं. "मागची खोली आवरून ठेवलीय," एवढंच ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, संपलं. छे! मास्तरांनी तो दात बाईंकडून मागून घेतला, पितळेच्या चिमट्यात घट्ट बसवला आणि शिवणाच्या मशीनच्या दांडीला स्क्रूनं आवळला, खाच वर करून. दोरा नुसता टेकला की तुटतोय! लेक न्यायला आली, ती गिऱ्हाइकांची रांग बघून दारातच थबकली आणि पदर खोचून काजं करायला बसली. मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी हलायला लागली. आजही जाऊन बघा, मास्तर त्या मशीनवर—

"भाऊजी, पुरे करा!" चष्म्याच्या दुकानातल्या वहिनी मोठ्यांदा म्हणाल्या. "ते मशीन आमच्या घरी आहे. त्यांच्या लेकीनंच आणून दिलं. मागच्या खोलीत मास्तर आणि मशीन दोन्ही मावेनात म्हणाली. रोज पुसते मी ते. कुठे दात-बीत नाही त्याला."