यमनच्या वेळेची धार

मला चौकशीचा रोग आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. राहुरीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा पोरांच्या खिशात काय आहे हे विचारल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. निवृत्त झाले, पोरं सुटली, पण रोग काही सुटला नाही. त्याच रोगापायी मी आमच्या बैठकीची चिटणीस झाले.

आमची बैठक म्हणजे भिमाजीरावांच्या वस्तीवर महिन्यातून एकदा होणारं शास्त्रीय गाणं. मुळा नदीच्या कालव्याच्या कडेला त्यांचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत वीसेक माणसं मांडीला मांडी लावून बसतात. भिमाजीराव ऊस-कांदा करणारे गडी. तरुणपणी नगरला एका मैफलीच्या दाराशी उभं राहून त्यांनी गाणं ऐकलं आणि तेव्हापासून त्यांना वेड लागलं ते लागलंच. बैठक सुरू केली त्या दिवशी त्यांनी एक नियम घातला: माईक लावायचा नाही. गळ्यातून निघालं की थेट कानात पडलं पाहिजे, मध्ये डबडं नको, असं त्यांचं म्हणणं. तो नियम आजवर कोणी मोडला नाही.

दुसरा नियम लाईटीने घातला होता. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची. रात्रीच्या आठवड्यात माणसं रात्रभर उसाला पाणी भरत, पहाटे आडवी होत आणि दुपारी मोकळी असत. म्हणून बैठक त्या आठवड्यातल्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. आता रागांनाही वेळा असतात. जगातल्या मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे दुपारचे राग बिचारे उपाशी राहतात. आमच्याकडे उलटी गंगा. सारंग, भीमपलास, मुलतानी आमच्या माणसांना घरच्या जावयासारखे ठाऊक. आणि यमन, जो गाणं शिकणारं प्रत्येक पोर सर्वांत आधी शिकतं, तो आमच्या खोलीत एकदाही झाला नव्हता. येणारा प्रत्येक कलाकार हळहळायचा, की एकदा दिवेलागणीला बोलवा, मग यमन ऐकवतो.

हे कोणी सगळ्यांत मनावर घेतलं असेल तर कडूबाईंनी. कडूबाई म्हणजे भिमाजीरावांची बायको आणि आमच्या बैठकीचा तंबोरा. पहिल्याच वर्षी एका गायिकेच्या मागे तंबोऱ्याला बसणारी मुलगी आली नाही. कडूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. गायिकेने त्यांनाच खाली बसवलं, बोटं कशी फिरवायची ते दाखवलं आणि डोळे मिटून गायला सुरुवात केली. चहा गार झाला, पण तंबोरा काही थांबला नाही. धार काढणाऱ्या हाताला एकामागून एक बोट न घाई करता चालवायची सवय असतेच. तेव्हापासून ती जागा त्यांची. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून त्या बांगड्या वर सारून त्यांवर रुमाल बांधत आणि तंबोरा मांडीवर घेत. त्या दोन तासांत कोणी त्यांना पाणी मागायचं नाही, की पाहुण्यांसाठी उठवायचं नाही. भिमाजीरावसुद्धा नाही.

एकदा त्यांनी मला विचारलं, यमन म्हणजे कसा असतो. मला कोणी काही विचारलं की माझ्या अंगात मास्तरीण येते. मी आरोह सांगितला, अवरोह सांगितला, तीव्र मध्यम सांगितला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते झालं," त्या म्हणाल्या. "पन कसा असतो?"

मी मोबाईल काढला, म्हटलं, हा घ्या, ऐका. त्यांनी माझा हात धरून मोबाईल खाली करायला लावला. "नगं. एकदा ऐकला की पयल्यांदा ऐकायचा संपला. म्या तंबोऱ्यामागं बसून ऐकनार." मला त्यांचा हेवा वाटला. मी यमन पहिल्यांदा कधी ऐकला ते मला आठवतसुद्धा नाही.

गेल्या वर्षी आमच्या भागात सौर पॅनल आले आणि शेतीला रोज दिवसा लाईट मिळू लागली. रात्रीचं पाणी भरणं गेलं, बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून उसात शिरणं गेलं. सगळे खूश. फक्त बैठकीचा माणूस दुपारी मोटरीपाशी अडकला. भीमपलास ऐकायला मी आणि दोन म्हातारे उरलो, तेव्हा आमची सभा बसली. सभा म्हणजे मी, भिमाजीराव आणि पेटी वाजवणारे वैजनाथ, ज्यांचं खताचं दुकान आहे. वैजनाथांनी कोणाची मोटर कधी बंद होते ते पाठ म्हणून दाखवलं. अंधार पडल्यावर बिबट्यामुळे कोणी फार वेळ वस्तीबाहेर थांबायचं नाही, हेही ठरलं. म्हणजे संध्याकाळी सहाला सुरू आणि अंधार पडला की लगेच सगळे घरी. चहा संपायच्या आत निर्णय झाला. आणि पहिल्या बैठकीला यमनच, हे सांगायलाही नको होतं. नगरच्या ज्ञानेश्वरी नावाच्या तरुण गायिकेला मी तिथूनच फोन लावला.

कडूबाई कप उचलायला आल्या होत्या. मी म्हटलं, कडूबाई, तुमचा यमन आला हो. त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. मग त्यांनी वेळ विचारली. मी सांगितली. त्यांनी कप उचलले आणि आत गेल्या.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांना काही जमायचं नाही, पाहुणीला मोबाईलवरचा तंबोरा लावायला सांगा. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई जमत, बाई," आणि फोन ठेवला.

आता माझ्यासारख्या बाईला "नाही जमत" हे उत्तर म्हणजे उपाशी माणसाला झाकलेलं ताट. मला वाटलं, भिमाजीरावांनी काही म्हटलं असणार. भिमाजीरावांना विचारलं तर तेही चकित. त्यांना वाटत होतं की मीच काही बोलले. वैजनाथांचा अंदाज असा, की नवीन गायिका शहरातली म्हणून त्या बुजल्या असतील. आम्ही तिघांनी मिळून कडूबाईंच्या मनात काय आहे यावर इतका काथ्याकूट केला, पण त्यांच्या दिवसात काय आहे हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

शेवटी मी सांगोवांगीवर न राहता एका संध्याकाळी सहाला वस्तीवर जाऊन उभी राहिले. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मागे गोठ्यात कडूबाई रंगी म्हशीखाली बसल्या होत्या आणि बादलीत धार वाजत होती. मी दारातच थबकले. ज्या घटकेला आम्ही यमन बसवला होता, ती घटका आधीच भरलेली होती. वैजनाथांनी सगळ्यांच्या मोटरींच्या वेळा मोजल्या, बिबट्याचीसुद्धा वेळ धरली, पण म्हशीची कोणी धरली नाही. माझ्याकडे दूध पिशवीतून येतं. भिमाजीरावांसाठी ते भरलेल्या कॅनपासून सुरू होतं, कारण डेअरीवर कॅन पोचवणं एवढंच त्यांचं काम. मला माझी लाज वाटली आणि राग आला, तो भिमाजीरावांवर काढणं सोपं होतं म्हणून त्यांच्यावर काढला.

ते ऐकून घेऊन खाली मान घालून बसले. मग म्हणाले, त्यात काय, त्या दिवशी धार मी काढतो. कडूबाई हसल्या. रंगी त्यांच्या हाताशिवाय पान्हा सोडत नव्हती. गायी असत्या तर मशीन लावलं असतं, पण ही म्हैस हट्टी. आधी काढावी तर आधी देत नाही, उशीर करावा तर डेअरी बंद होते. तरी भिमाजीरावांनी तालीम सुरू केली. पहिल्या दिवशी रंगीने दूध चोरलं, सडात उतरूच दिलं नाही, दुसऱ्या दिवशी लाथ मारून बादली लवंडली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायडाबाई कुंपणावरून हे बघत होत्या. त्यांनी जुना तोडगा सांगितला: म्हशीला बाईचा वास आणि बांगड्यांचा आवाज लागतो, तेव्हा बायकोचं लुगडं नेसा आणि बसा. आजूबाजूचे खो खो हसले. भिमाजीराव तांबडेलाल झाले आणि तडक मळ्यात निघून गेले. तो विषय तिथे संपला असं मी समजले, आणि ज्ञानेश्वरीला मोबाईलवरच्या तंबोऱ्याचं कळवून टाकलं.

बैठकीच्या दिवशी मी पोचले तेव्हा माणसं जमली होती. बायका मात्र कमी. माझ्यासकट तीन. ज्ञानेश्वरी मोबाईल पुढ्यात ठेवून स्वर जुळवत होती. ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. इतक्यात आतल्या दारातून कडूबाई आल्या. धुतलेली साडी, बांगड्यांवर रुमाल. कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावरची गोधडी त्यांनी काढली आणि गायिकेच्या मागे येऊन बसल्या. ज्ञानेश्वरीने एकदा वळून पाहिलं, मोबाईल बंद केला आणि तंबोरा जुळवून त्यांच्या हातात दिला.

मी खुणेने विचारलं, म्हैस? त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पुढच्या रांगेत मधोमध भिमाजीरावांची जागा असते. ती रिकामी होती.

यमन कसा झाला हे मी सांगणार नाही, एकदा सांगून माझी फजिती झालेली आहे. इतकंच सांगते, की माझ्यासारखी बाई, जिला एव्हाना उठून गोठ्यात डोकावून यायला हवं होतं, ती शेवटपर्यंत जागची हलली नाही. ज्ञानेश्वरीचा आवाज मोठा नव्हता, खोलीपुरता होता. गाताना ती मधूनच थांबायची आणि नुसता तंबोरा चालू राहायचा. अशा वेळी सगळी खोली कडूबाईंच्या बोटांकडे बघायची. त्यांचे डोळे मिटलेले होते. तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, दुपारच्या बैठकींना त्यांचं एक लक्ष दाराकडे असायचं. मला आनंद झाला, आणि का कोण जाणे, रडूही आलं.

गाणं संपलं, माणसं बिबट्याच्या धाकाने घोळक्याने गाड्यांवर निघाली. वैजनाथ ज्ञानेश्वरीला स्टँडवर सोडायला गेले. कडूबाई तंबोऱ्यावर गोधडी घालून मागच्या दाराने निघाल्या आणि मी अर्थातच त्यांच्या मागे.

गोठ्यातला बल्ब लागला होता. रंगी रवंथ करत होती आणि तिच्या शेजारी पोत्यावर भिमाजीराव बसले होते. अंगावर कडूबाईंची गोठ्यातली जुनी साडी, मनगटावर सुतळीत ओवून बांधलेल्या बांगड्या, कारण त्यांच्या हातात त्या चढणार कशा. शेजारी भरलेली बादली. मी पदर तोंडात कोंबला.

"समदे गेले का?" त्यांनी आधी हेच विचारलं. धार केव्हाच झाली होती. पण साडी नेसून लोकांसमोरून यायचं कसं, आणि धोतर राहिलेलं आतल्या खोलीत. म्हणून डेअरी हुकली तरी ते बसून राहिले होते. गवताच्या गंजीपलीकडून इथवर काही ऐकू येत नव्हतं. माईक लावायचा नाही, हा त्यांचाच नियम.

कडूबाईंनी बादलीत पाहिलं, मग रंगीच्या सडाला हात लावून बघितला. "पदर उलटा घेतलाय," त्या म्हणाल्या.

"तिला कुटं कळतंय. दिलं की दूध." भिमाजीरावांनी पदर सावरला. मग एखाद्या पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कसा हुता गं यमन?"

माझे कान टवकारले. आरोह, अवरोह, तीव्र मध्यम, माझं सगळं सांगून झालेलं होतं. आता ह्या काय सांगतात?

कडूबाई बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"ती गायला लागली तवा उजेड हुता," त्या म्हणाल्या. "थांबली तवा अंधार. मधी कवा पडला, मला कळलंच न्हाई." मग म्हणाल्या, "रोज कळतं वो मला."

आणि भिमाजीरावांकडे वळून म्हणाल्या, की पुढच्या वेळी तुम्ही पुढं बसा, गोठ्याचं मी बघते. इतकी वर्षं वाट तुम्हीही पाहिलीत.

भिमाजीरावांनी सुतळीची गाठ सोडली. कडूबाईंनी बांगड्यांसाठी हात पुढे केला, पण त्यांनी त्या दिल्या नाहीत. उठून बादली टांगायच्या खुंटीला अडकवल्या.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला लागतील."