ताईच्या वजनाची गाडी

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो, पण डांबरी रस्त्यावरची नव्हे, रानवाटेवरची. नवी होते तेव्हा माझा तोरा काय विचारता! पहिल्याच दिवशी माझं रुंद हँडल दोन खोडांमध्ये अडकलं आणि सगळा तोरा तिथेच उतरला.

माझी मालकीण नर्स होती. सगळे तिला ताई म्हणत. रानापलीकडच्या वस्त्यांवर ती लसी न्यायची, त्याही डब्यातला बर्फ वितळायच्या आत. तिचा थोरला भाऊ गाड्यांचा मिस्त्री. या दादाने माझं हँडल दोन्हीकडून बोटभर कापलं. पुढचं चाक धरणारे दोन दांडे त्यांच्या पकडीत नखभर वर सरकवले, तशी मी चटकन वळू लागले. टायरमधली हवाही थोडी कमी केली. तरी झाडांच्या मुळांवरून मी उडायचे आणि ताईला पाडायचे. एकदा तर डबाच फुटला, लसी वाया गेल्या.

"तुला चालवताच येत नाही," दादा म्हणाला.

"या गाडीला मी आवडत नाही, त्याला मी काय करू?" ताई सुजलेलं मनगट चोळत म्हणाली.

छे हो! मला ती फार आवडायची. चूक दादाची होती. धक्के झेलणारी माझी स्प्रिंग वजनाने किती दबते हे मोजताना तो स्वतःच माझ्यावर बसायचा. दादा म्हणजे धान्याचं पोतं आणि ताई काडीपैलवान! शेवटी त्यांची आई ओरडली, "अरे शहाण्या, चालवणार कोण? तिला बसव की!" ताई बसली, दादाने टेपने मोजलं, तर स्प्रिंग जेमतेम दबलेली! त्याने कपाळावर हात मारला. त्याच दिवशी त्याने माझी स्प्रिंग सैल केली.

मग अकरा वर्षं आम्ही रान पालथं घातलं. ताईने नुसता खांदा झुकवला की मी वळायचे. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

तीन वर्षांपूर्वी ताई आजारपणात गेली. दादा मला दर आठवड्याला पुसतो, इंजिन चालू करतो आणि शेजारी बसून राहतो. नव्या नर्सबाई आल्या, चांगल्या धिप्पाड आणि हसऱ्या. त्यांनी मला मागितलं.

"न्या," दादा म्हणाला, "पण स्प्रिंगला हात लावायचा नाही. ती माझ्या बहिणीच्या वजनाची आहे."

बाई बसल्या आणि मी पार खचले. प्रत्येक मुळावर माझं पोट आपटलं. त्यांनी मला परत आणलं. "राहू दे दादा, मी आपली चालत जाईन," एवढंच म्हणाल्या. आता त्या डबा खांद्याला अडकवून पायी जातात. काल अर्ध्या वाटेवरच बर्फाचं पाणी झालं. लसी फेकून द्याव्या लागल्या.

मित्रांनो, स्प्रिंग आवळली की ताईचं वजन माझ्यातून कायमचं जाईल. या विचाराने मला रडू येतं. पण लाडक्या माणसाची वस्तू नुसती पुसून ठेवली, तर तिचे हाल होतात हो. दादाला माझं बोलणं ऐकू येत नाही, तुम्ही तरी सांगा त्याला. पलीकडे मुलं लसीची वाट बघतायत. ताई असती, तर तिनेच त्याच्या हातात पाना दिला असता.