परड्यातला फणस

"ह्या ओंडक्याला मी परत करवत लावणार नाय," करवत चालवणारा शिवा म्हणाला आणि ट्रॉलीवरून खाली उतरला.

आत्माराम सुतार ओंडक्याजवळच उभे होते. देवरूखच्या वखारी पालथ्या घालून ते सावर्ड्याजवळच्या या सॉ मिलमध्ये आले होते. ऐन, किंजळ, सागवान सगळीकडे होतं. पण त्यांना हवा होता आपल्याच परड्यातला फणस. ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना मुंबईच्या पुतण्याने, नितेशने, आपल्या वाट्याचा म्हणून तो विकून टाकला होता. बारशाआधीच गेलेली आत्मारामांची लेक त्या झाडाखाली पुरलेली आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या बायकोने, कमळाने, तेव्हा तिथे लावलेल्या फणसाच्या रोपाला लेकीचे चांदीचे वाळे बांधले होते. पुढे झाडाने ते गिळले आणि बुंध्यावर गाठ आली. इथल्या ओंडक्यावर ती गाठ बोटांना लागली, तेव्हा आत्मारामांनी झाड ओळखलं होतं.

त्याचा मृदंग करायचा, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. गावच्या देवळात बुवा कीर्तनाला उभे राहिले, की मृदंगातून पोर देवापुढे बोलेल. कमळा एवढंच म्हणाली होती, "घेऊन या तिला."

पण ओंडका चिरताना करवतीचं पातं दोनदा तुटलं होतं.

"आत धातू हाय, दुसरं काय?" मालक विनोद म्हणाला.

"मग मशीन बंद केल्यावर वाजतं ता काय, शेट?" शिवाने विचारलं.

आत्मारामांनी पिशवीतून नारळ आणि कुऱ्हाड काढली. झाड तोडण्याआधी त्याला कुऱ्हाड टेकवून ठेवायची, रजा मागायची. टिकली तर रजा मिळाली, पडली तर झाड देत नाही. त्यांनी जन्मभर हे पाळलं होतं. या झाडाकडे मात्र रजा कुणी मागितलीच नव्हती.

त्यांनी आता मागितली. ओंडक्यापुढे नारळ ठेवला आणि विठ्ठलाचं नाव घेऊन कुऱ्हाड टेकवली. ती पडली.

वारा नव्हता. जमिनीवरचा भुसाही हलत नव्हता. दुसऱ्यांदा शिवाने दांडा भुशात रोवून पाहिला. कुऱ्हाड सावकाश कलली, कुणी हाताने बाजूला सारावी तशी.

आणि मग आतून आवाज आला. बारीक, चांदीचा. पाळण्यात पोर पाय झाडतं तसा.

शिवाने हात जोडले. विनोद ओंडक्याजवळ आला.

"अख्खाच घेऊन जावा, काका," तो म्हणाला. "मी टेम्पो सांगतो."

मृदंग मनातून काढून टाकायला आत्मारामांना फार वेळ लागला नाही. ओंडक्यावर तळवा ठेवून ते म्हणाले, "नको तर नको, बाय."

वाटेत ते पुढे बसलेच नाहीत. मागे, ओंडक्याला पाठ लावून बसले आणि बुवांचं निरूपण आठवेल तसं पुटपुटत राहिले. टेम्पोवाला दादू आरशातून बघत होता. खड्डा आला, की न सांगता गाडी हळू घेत होता.

तिन्हीसांजेला कमळा घरापुढच्या खळ्यात उभीच होती. टेम्पो थांबताच ती मागच्या फळीवर चढली, गाठ चाचपली आणि घरात जाऊन गोधडी घेऊन आली. ओंडक्यावर ती नीट पांघरली, कडा आत खोचल्या.

"गाडी बंद कर रे, बाळा," ती दादूला हळूच म्हणाली. "आता डोळा लागलाय तिचा."

दादूने किल्ली फिरवली. उतरताना त्याने दरवाजा दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता लावला.